आकडा शंभरचा, औषध चौपट

पावसाळ्यात नांदुऱ्यातही तापाने फणफणलेली मुले घरोघरी दिसतात. कपाटात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या सापडतात, एक थोरल्याची, एक धाकट्याची. छोटीवर १०० मिलिग्रॅम लिहिलेले, मोठीवर १२५. शंभरचे औषध सौम्य, ते थोडे जास्त गेले तरी चालेल, असे आजी ठरवून टाकते. घोटाळा इथेच होतो.

छोट्या बाटलीत ड्रॉप्स असतात. त्यावर १०० मिलिग्रॅम प्रति १ मिलिलिटर असे छापलेले असते. मोठ्या बाटलीतल्या सिरपवर १२५ मिलिग्रॅम प्रति ५ मिलिलिटर. छेद वेगळे असले की नुसते अंश पाहून लहानमोठे ठरवता येत नाही, आधी छेद सारखे करावे लागतात, हे शाळेत सगळेच शिकलेले असतात. इथे छेद ५ केला तर ड्रॉप्स होतात ५०० मिलिग्रॅम प्रति ५ मिलिलिटर. म्हणजे 'सौम्य' औषध सिरपच्या चौपट.

दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरते. सिरप ६ मिलिलिटर दिले तर १५० होतात. तेवढेच ड्रॉप्स दिले तर ६००, म्हणजे दिवसभराची कमाल मात्रा एका घोटात. दिवसातून तीनदा असे झाले तर यकृताला इजा होऊ शकते. पहिल्या दिवशी मूल बहुधा बरे दिसते, फार तर उलटी होते, म्हणून घरचे थांबतात. थांबू नये. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो.

सिरपमध्येही २५० मिलिग्रॅम प्रति ५ मिलिलिटरची बाटली मिळते, आणि ती दिसायला तशीच असते. घरातला चमचा तर आणखी बेभरवशाचा. बाटलीसोबतचे मापच वापरावे.

इन्सुलिनचेही हेच. एक ४० युनिट प्रति मिलिलिटर, दुसरे १००. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या, लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले तर प्रत्येक खुणेला अडीचपट जाते आणि साखर धोकादायक खाली येते. पावकी-निमकी तोंडपाठ असलेले आजोबाही इथे फसतात, कारण हिशेब चुकत नाही, छेद वाचलेलाच नसतो.

दवाखान्यात येताना बाटली सोबत आणावी. 'ते गुलाबी औषध दिलं' एवढ्यावरून डॉक्टरांना काहीही कळत नाही.