वाय-फायची गर्दी आणि नियमांचा कागद

सायंकाळची बुद्धवंदना आटोपून विद्यार्थी अभ्यासिकेत बसले की सारे टॅब एकाच वेळी सुरू होतात आणि वाय-फाय रेंगाळू लागते. खापर बहुधा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीवर फुटते. कारण मात्र पुष्कळदा आपल्याच भिंतींच्या आत असते.

वाय-फायच्या एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते, शांतता असेल तरच बोलते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. म्हणून छताला चौथा ॲक्सेस पॉइंट टांगला, तरी तो शेजाऱ्याच्याच वेळेत वाटेकरी होतो. शिवाय येथे संधी सर्वांना सारखी मिळते, वेळ नव्हे. दूरच्या खोलीतील टॅब १ मेगाबिट वेगाने बोलत असेल, तर ५४ मेगाबिटवाल्याइतकाच मजकूर पाठविण्यास तो कितीतरी पट वेळ घेतो आणि सगळेच खोळंबतात.

२००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह ‘ओपनफ्लो’ मांडले. निर्णय घेण्याचे काम प्रत्येक डब्यातून काढून एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे, म्हणजे कंट्रोलरकडे द्यायचे. डब्यांनी केवळ माहिती वाहून न्यायची. २०१२ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ‘ओडिन’मध्ये हेच तत्त्व वाय-फायला लावले. एरवी कोणत्या ॲक्सेस पॉइंटला जोडून घ्यायचे हे टॅब स्वतः ठरवितो आणि दूरच्यालाच चिकटून राहतो. ओडिनमध्ये कंट्रोलर त्याला जवळच्याकडे हलवितो. टॅबला त्याचा पत्ताही लागत नाही.

कंट्रोलर बंद पडला तर सारेच अडते, म्हणून राखीव कंट्रोलर हवाच. परंतु खरा प्रश्न नियमाचा आहे. सर्वांत सोपा नियम असा: क्षीण संदेश असलेल्यास तोडून टाका. सरासरी वेग तत्काळ वाढतो, अहवालही देखणा होतो. पण तो क्षीण संदेश असतो कोणाचा? बहुधा जुन्या टॅबचा, शेवटच्या खोलीतील मुलीचा, जिला त्या रात्री शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. दुसरा नियम तिला जवळच्या, कमी गर्दीच्या ॲक्सेस पॉइंटकडे नेतो आणि प्रत्येकाला समान वेळ देतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही लिहिता येतात. पूर्वी असे नियम डब्याडब्यांत विखुरलेले असत. आता ते एके ठिकाणी वाचता येतात, बदलता येतात. इतिहासाच्या शिक्षकाला लिखित नियम केव्हाही अधिक भावतो, हे कबूल करतो.

वसतिगृहात अशी व्यवस्था बसविताना पुरवठादाराकडून किमतीच्या पत्रकाबरोबर नियमांचा कागदही मागून घ्यावा आणि पहिली चाचणी कार्यालयात न घेता शेवटच्या खोलीत, सर्वांत जुन्या टॅबवर घ्यावी.