20 हर्ट्झसाठी एवढं मोठं खोकं?

1974 मध्ये ‘अर्थक्वेक’ चित्रपटासाठी युनिव्हर्सलने ‘सेन्सराउंड’ आणलं आणि थिएटरात प्रचंड सबवूफर बसवून भूकंप थेट प्रेक्षकांच्या छातीत उतरवला. तोच थरार आज हौशी मंडळी घरी, स्वतः सबवूफरचं खोकं बांधून मिळवतात.

कंप्रता निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. 40 हर्ट्झला दणदणीत वाजणारा वूफर 20 हर्ट्झला धापा टाकतो, तो यामुळेच! म्हणून 18 इंची ड्रायव्हर, जाड प्लायवुड आणि आतून भक्कम आडवे टेकू.

खोक्याचं आकारमान मात्र अंदाजाने ठरवू नये. ड्रायव्हरचे थील-स्मॉल आकडे, म्हणजे त्याच्या यांत्रिक-विद्युत गुणांची मापं, घेऊन ते आधी गणिताने काढावं. बंद खोकं लहान जागेत भागतं. पोर्टवालं मोठं होतं, पण खोल बासमध्ये तेच सरस.

प्लाय कापण्याआधी खोलीचा दरवाजा नक्की मोजा.