यंत्र, रोगी आणि एक प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आता वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पोचले आहे. ते चांगले की वाईट, हा वाद पुरेसा झाला. ते कोणाच्या लेखणीवर पोसले आहे, हा आपला प्रश्न आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. आमच्या वस्तीतला एक मुलगा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाप रोजाने फवारणीला जातो. शिकवणीला पैसा नाही, घरी विचारायला कोणी नाही, इंग्रजी पुस्तक डोक्यावरून जाते. रात्री तो मोबाइलवर मराठीत प्रश्न लिहितो आणि यंत्र न कंटाळता चार वेळा समजावून सांगते. ‘सर, ते मला हसत नाही,’ असे तो म्हणाला. ज्यांच्या घरी तीन पिढ्या डॉक्टरकी आहे त्यांनी या सोयीला खुशाल नावे ठेवावीत. आपल्याला ते परवडणारे नाही.

पण त्याच मुलाने मला एक प्रयोग दाखवला. त्याने लिहिले : चाळीस वर्षांचा पुरुष, मळमळ, डोकेदुखी, घाम, गरगरणे, अंधुक दिसणे. यंत्राने रोगांची लांबलचक यादी दिली. मग त्याने एकच ओळ वाढवली : तीन दिवस पऱ्हाटीवर फवारणी करीत होता. यादी उलटीपालटी झाली; कीटकनाशकाची विषबाधा सर्वांत वर आली. म्हणजे उत्तर यंत्राजवळ होते. प्रश्न मात्र माणसाला विचारावा लागला.

२०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, औषधे एकात एक मिसळलेली, हातात मोजे नाहीत, तोंडावर मुखवटा नाही. असा मजूर दवाखान्यात ‘डोयापुढं अंधारी येते’ एवढेच सांगतो. आपले कामही सांगायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

हे यंत्र डॉक्टरसारखे रोगी तपासत नाही. कोट्यवधी लिखित मजकुरातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो, हे ते शिकते. जे लिहिले गेले ते त्याला ठाऊक. ज्यांचे दुखणे कोणी लिहिलेच नाही ते त्याच्या लेखी जवळजवळ नाहीत. शिवाय चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठामपणे देते. अमेरिकेत २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील संशोधनाने असेच एक यंत्र उघडे पाडले. कोण किती आजारी हे ते उपचारावरच्या खर्चावरून ठरवत होते. काळ्या रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत असे. म्हणून यंत्राने त्यांना कमी आजारी ठरवले. यंत्रात द्वेष नव्हता, समाजाची जुनी वही होती.

इटलीतील डॉक्टर रामाझिनी यांनी घराचा संडास उपसणाऱ्या मजुराला घाईघाईने काम करताना पाहिले आणि कारण विचारले. या कामाने डोळे जातात, असे तो म्हणाला. त्या विचारण्यातून १७०० साली कामगारांच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा, असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले : तू काय काम करतोस? आपल्याकडे हा प्रश्न शतकानुशतके जात हुडकण्यासाठी विचारला गेला. तो रोग हुडकण्यासाठी विचारायला शिकवणे, हे वैद्यकीय शिक्षणाचे काम आहे.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी यंत्र जरूर वापरावे. त्याचे उत्तर पुस्तकाशी आणि शिक्षकाशी ताडून पाहावे. रोग्याचे नावगाव त्यात घालू नये. आजच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे. त्यानिमित्ताने खेड्यात गेल्यावर काम कोणते, औषध कोणते, पंप किती तास पाठीवर होता, हे रोग्याच्याच बोलीत, वऱ्हाडीत, गोरमाटीत, कोलामीत, टिपून घ्यावे. आणि शिक्षकांनी त्या टिपणाला गुण द्यावेत. उद्याची यंत्रे शिकतील ती अशाच नोंदींवर.

त्या मुलाने अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्याच्या बापाची हकिकत आहे.