विश्लेषण : महागडा गेम म्हणजे चांगला गेम? गाजलेल्या पाच गेमचा एका खेळाडूने मांडलेला रोखठोक हिशेब

डिसेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला झालेल्या ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा मान ‘क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३’ला मिळाला. फ्रान्समधील माँपेलिए शहरातील सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने तो तयार केला. स्टुडिओचा मूळ चमू जेमतेम तीस जणांचा आणि गेमची किंमत ५० डॉलर. त्याच वर्षी निन्टेंडोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलरला आणला. मोठ्या गेमसाठी ७० डॉलर हा भाव तर आता रुळला आहे. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याला पाच-सात तास खेळणाऱ्याने हे पैसे आणि त्याहून मोलाचा वेळ कशावर घालवावा? गेल्या काही महिन्यांत खेळलेल्या पाच गेमच्या आधारे हा हिशेब. कसोटी एकच : एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावताना गेम काही शिकवतो, की नुसता वेळ खातो?

‘एक्स्पिडिशन ३३’ इतका का गाजला?

पहिल्या तासाभरातच उत्तर मिळते. लुमिएर नावाच्या शहरात दरवर्षी ‘पेंट्रेस’ दूरच्या प्रचंड स्तंभावर एक आकडा रंगवते. त्या वयाची सगळी माणसे फुलांच्या पाकळ्यांसारखी विरून जातात. यंदाचा आकडा ३३. ज्यांच्या हाती जेमतेम एक वर्ष उरले आहे, अशांची तुकडी तिला थांबवायला निघते. मरणाची तारीख आधीच ठाऊक असलेल्या समाजात लोक लग्न करतील का, मुले होऊ देतील का, असे प्रश्न गेम भाषण न देता विचारतो.

लढाई आळीपाळीने होते. मात्र शत्रूची पाळी आली की हात बांधून बसता येत नाही. नेमक्या क्षणी बटण दाबून वार परतवावा लागतो. प्रत्येक शत्रूची लय वेगळी. दहा वेळा मार खाल्ल्यावर अकराव्या वेळी ती लय अंगात भिनते. इथे हरणे फुकट जात नाही.

दोषही आहेत. भटकंतीच्या भागांत कोपऱ्यात छोटा नकाशा दिसत नाही. एकसारख्या वाटांवर दिशा चुकते आणि पंधरा मिनिटे सहज जातात. शेवटच्या टप्प्यात आजूबाजूचे सगळे पालथे घालून आलात, तर पात्रे इतकी बलवान होतात की मोठमोठे शत्रू एका फटक्यात आडवे होतात. कथा शिगेला पोहोचलेली असते आणि लढाईत मात्र जीव उरत नाही. तरीही अलीकडच्या काळात इतकी मन लावून लिहिलेली कथा गेममध्ये क्वचितच पाहायला मिळाली.

‘सिल्कसाँग’ कठीण आहे की अन्यायकारक?

‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ची घोषणा २०१९ मध्ये झाली आणि गेम हाती पडला ४ सप्टेंबर २०२५ रोजी. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या टीम चेरी या चिमुकल्या स्टुडिओचा हा गेम त्या दिवशी इतक्या जणांनी एकदम विकत घ्यायला घेतला, की स्टीमसह अनेक ऑनलाइन दुकाने काही काळ कोलमडली. किंमत अवघी २० डॉलर.

हॉर्नेट ही नायिका चपळ आहे. तिच्या हालचालींत जी मजा आहे, ती ७० डॉलरच्या गेममध्येही सहसा मिळत नाही. हाताने रेखाटलेले किडा-मुंग्यांचे जग इतके सुंदर, की मार खाऊनही पुढे काय आहे हे पाहावेसे वाटते. पण इथे शिकवणे आणि छळणे यांतली रेषा पुसट होते. सुरुवातीला जीव पाचच आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन जीव घेतात. म्हणजे तीन चुका आणि खेळ खलास. काही ठिकाणी तर नुसते बाकावर टेकायचे, तरी गाठीचे मणी मोजावे लागतात.

खरा राग येतो तो ‘लास्ट जज’सारख्या बॉसपर्यंत परतण्याच्या वाटेचा. लढाई चोख आहे. हरलो तर चूक आपलीच होती हे कळते. पण प्रत्येक पराभवानंतर तीच लांबलचक उड्यांची वाट तुडवण्यात नवे काही शिकायला मिळत नाही. स्टुडिओने पहिल्या दुरुस्तीत सुरुवातीच्या काही बॉसची धार थोडी कमी केली. माझे मत असे : गेम उत्तम, पण दिवसभराच्या दगदगीनंतर रात्री अर्धा तास मन रमवायला बसणाऱ्यासाठी नाही.

‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ची भव्यता टिकते का?

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या या चिनी गेमच्या पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. ‘जर्नी टू द वेस्ट’ या सोळाव्या शतकातील कादंबरीतल्या सुन वुकाँग या वानरवीरावर तो बेतलेला आहे. खोडकर, उड्डाण करणारा, देवांनाही न जुमानणारा वानर हातात दंड घेऊन उभा राहिला, की मराठी खेळाडूला मारुतीरायाच्या गोष्टी आठवल्याशिवाय राहत नाहीत.

देखावे थक्क करणारे आहेत. चीनमधील खऱ्या मंदिरांचे आणि मूर्तींचे स्कॅन करून ते उभारले आहेत. दुसऱ्या अध्यायात पिवळ्या वाळूच्या टेकाडावर मुंडके नसलेला एक गवई तंतुवाद्य छेडत गातो. तो प्रसंग गेम संपल्यावरही मनात राहतो.

पण जमीन जितकी खरी दिसते, तितके तिच्यावर चालता येत नाही. समोर मोकळी पायवाट दिसते आणि नायक अदृश्य भिंतीवर आपटतो. कुठली वाट खरी आणि कुठली चित्रातली, हे अंगावर आदळल्यावरच कळते. एक बॉस संपला की दुसरा, तो संपला की तिसरा. निम्म्यानंतर दमछाक होते. शिवाय जागा लागते शंभर जीबीहून अधिक आणि ग्राफिक्स कार्ड तगडे हवे. पाहण्यासाठी दहापैकी नऊ गुण, खेळण्यासाठी सात.

पुण्यात तयार झालेला ‘राजी’ या रांगेत कुठे?

वुकाँग संपवल्यावर नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ मुद्दाम खेळलो. गेम २०२० चा. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून होते. राजस्थानी किल्ल्यांसारखे महाल आणि पहाडी शैलीच्या चित्रांची आठवण करून देणारी रंगसंगती यांमुळे तो इतर कुठल्याही गेमसारखा दिसत नाही.

आपला म्हणून गुण वाढवून देण्याचे कारण नाही. लढताना कॅमेरा अडचणीत आणतो, वार कधी कधी हवेत जातात आणि गोष्ट रंगात आली असताना गेम अर्ध्यावर संपतो. मात्र हा गेम पाच-सहा तासांत आटोपतो. जे सांगायचे ते सांगून मोकळा होतो. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यानंतरही जिद्दीने पूर्ण केलेला हा गेम आहे. सवलतीत मिळाला तर जरूर घ्यावा.

फोनवर खेळण्याजोगा कोणता?

‘बलात्रो’. ‘लोकलथंक’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एकट्या कॅनेडियन माणसाने तो बनवला. फोनवर एकदाच १० डॉलर मोजायचे, नंतर जाहिरात नाही की खरेदीचा आग्रह नाही.

नियम पोकरचे, पण समोर प्रतिस्पर्धी नाही. पहिली पायरी पार करायला ३०० गुण हवेत आणि डाव चार. आठ्यांची जोडी टाकली तर पायाभूत १० अधिक पानांचे १६ मिळून २६. त्याला दोनाने गुणले की ५२. चारही डाव असे गेले तरी बेरीज २०८ आणि खेळ संपला. बदामाची २, ४, ६, ८ आणि १० ही पाच पाने जमवली तर ६५ गुणिले चार, म्हणजे एका डावात २६०. पुढे दीडशे प्रकारच्या जोकरांतून निवड करत हा गुणाकार वाढवत न्यायचा. प्रत्येक हार काहीतरी शिकवून जाते.

पत्ते दिसतात म्हणून युरोपातील मानांकन संस्थेने त्याला आधी १८ वर्षांवरील ठरवले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते १२ वर आणले. यात पैसा लावायचा नसतो. धोका वेगळाच आहे : ‘एकच डाव’ म्हणत रात्रीचा एक वाजतो.

मोफत गेम खरेच मोफत असतो का?

तुलनेसाठी नेमबाजीचा एक लोकप्रिय मोफत गेमही महिनाभर खेळलो. नेमबाजी झकास. पण रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. हंगामाचा पास ठरावीक तारखेला संपणार, म्हणून कंटाळा आला तरी खेळायचे. खरेदी रुपयांत नव्हे, ‘हिऱ्यां’त. हिऱ्यांचे गठ्ठे असे, की हवी ती वस्तू घेतल्यावर थोडे हिरे हमखास उरतात आणि ते वापरायला पुन्हा पैसे टाकावेसे वाटतात. इथे पुनरावृत्ती कौशल्यासाठी नसते, सवय लागावी म्हणून असते.

फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेममध्ये आणखी एक जोखीम आहे. सोनीचा ४० डॉलरचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंदही झाला. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण गेम कोणाकडेच उरला नाही.

मग पैसे कशावर घालावेत?

फक्त फोन असेल तर बलात्रो. साधा लॅपटॉप आणि भरपूर चिकाटी असेल तर सिल्कसाँग. कन्सोल किंवा चांगला पीसी असेल तर आधी एक्स्पिडिशन ३३, वुकाँग नंतर सवलतीत. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. त्यामुळे ते दोन तास परीक्षेचे समजावेत. अडकल्यावर ‘आता कळले कसे करायचे’ असे वाटत असेल तर गेम ठेवावा. ‘पुन्हा तेच’ असे वाटू लागले, तर किंमत कितीही कमी असो, परत करावा.