फावड्याला टिकावाचे दात
(आपले ट्रॅक्टर, आपली हत्यारे : भाग 9)

मुरमाड जमीन खणायची म्हटली की गडी आधी टिकाव उचलतो, मग फावडे. टिकाव माती सुटी करतो, फावडे ती घमेल्यात ओढते. नुसत्या फावड्याने खणायला गेले तर पाते वरच्यावर घासत राहते आणि मनगटे मात्र भरून येतात.

मागच्या भागात ज्या लोडरच्या हायड्रॉलिक सिलिंडरांची ओळख झाली, त्याची बकेट म्हणजे निव्वळ फावडे आहे. उकिरड्यावरचे शेणखत, खडी, वाळू ती झटक्यात भरते. पण उन्हाळ्यात पाझर तलावाच्या तळाशी वाळून दगड झालेला गाळ समोर आला की तिची सपाट धार घसरते. खाली दाब द्यावा तर पुढची चाके उचलतात, पुढे रेटावे तर मागची जागेवर फिरतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राज्यात 2017 साली सुरू झाली. तलावातला गाळ शेतात नेणाऱ्याला ही फजिती समजावून सांगावी लागत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे टूथ बार, अर्थात दातांची पट्टी. जाड पोलादी पट्टीवर ठरावीक अंतराने दात बसवलेले असतात आणि ती बकेटच्या धारेवर आडवी चढते. यामागचे गणित साधे आहे. दीड मीटर रुंदीच्या बकेटची सगळी धार जमिनीला टेकते तेव्हा जोर 150 सेंटिमीटरवर विभागला जातो. तोच जोर चार-चार सेंटिमीटर रुंदीच्या सात दातांवर आला तर लांबी उरते 28 सेंटिमीटर, म्हणजे दाब पाचपटीहून जास्त. कुळवाची फास सपाट आणि नांगराचा फाळ टोकदार का, याचे उत्तरही हेच. ट्रॅक्टर तोच, डिझेल तेवढेच, पण जमिनीत आधी टोक शिरते.

अमेरिकेत लहान ट्रॅक्टरांसाठी असे बार तयार मिळतात. बकेटचे माप कळवले की त्या मापाचा बार घरी येतो. आपल्याकडे चांगला फॅब्रिकेटर तो घडवून देऊ शकतो. दोन्हीकडे चूक होते ती मापात. कंपनीच्या माहितीपत्रकातली रुंदी बहुधा बाहेरची असते; आपल्याला हवी दोन बाजूंच्या पत्र्यांमधली, तीही धारेजवळची. वापरलेल्या बकेटचे पत्रे आत-बाहेर झुकलेले असतात. म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजावे, सर्वांत कमी भरेल ते माप धरावे आणि त्यातून तीन-चार मिलिमीटर वजा करावेत.

प्रत्यक्ष कामाला एक दुपार पुरते. बकेट सपाट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचे, लोडरचा दांडा पुढे-मागे हलवून तेलाचा दाब सोडायचा आणि किल्ली खिशात टाकायची. उचललेल्या बकेटखाली वाकून काम करणाऱ्याचे धाडस कौतुकाचे नाही. धारेखाली लाकडी ठोकळे सरकवले की बार बसवायला जागा होते. बार जड असतो, त्यामुळे दुसरा माणूस हवाच.

आता यातली खरी मेख. दाताच्या मुळाशी खाच असते आणि त्या खाचेत बकेटची धार घट्ट रुतून बसली पाहिजे. तशी बसली की खणताना मागे येणारा सगळा रेटा धार झेलते आणि दोन बाजूंचे दोन बोल्ट बार निसटू नये एवढेच पाहतात. मध्ये फट राहिली तर तो रेटा बोल्टांवर येतो. मग भोके लांबट होतात, बार खुळखुळतो आणि एक दिवस बोल्ट तुटतो. त्यामुळे हातोड्याच्या ठोक्यांनी बार पूर्ण मागे बसवून, क्लॅम्पने आवळून, मगच बारच्या कानांतल्या भोकांतून बाजूच्या पत्र्यावर खूण करावी. आधी एका बाजूचे भोक पाडून बोल्ट घालावा, बार जागचा हलला नाही ना हे पाहावे आणि मग दुसरी बाजू घ्यावी.

एम-16 बोल्टसाठी साडेसतरा मिलिमीटरचे भोक लागते आणि नेहमीच्या हातड्रिलचा चक 13 मिलिमीटरपर्यंतच उघडतो. यासाठी बारीक दांड्याचे मोठे बिट मिळते. सहापासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वाढवावे, वेग कमी ठेवावा, तेल सोडत राहावे. बिट आरपार जाताना ड्रिल हाताला हिसका देते, तेव्हा बाजूची मूठ पक्की धरायची. डोळ्यांवर चष्मा हवा; कापडी हातमोजे आणि गळ्यातला गमछा मात्र काढून ठेवायचा, फिरते बिट तो ओढून घेते. हे जमणार नसेल तर चुंबकी ड्रिलवाल्याला बोलवावे. गॅस कटरने भोक पाडण्याची घाई नको. वेड्यावाकड्या भोकात बोल्ट कधीच नीट बसत नाही.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 आकडा पाहून घ्यावा. 8.8 म्हणजे ताणशक्ती 800 मेगापास्कल आणि तिच्या 80 टक्क्यांपर्यंत ताणले तरी बोल्ट कायमचा लांबत नाही. डोके बाहेर, नट आत ठेवावा. बाहेर आलेले आटे खड्ड्याच्या भिंतीला घासून खराब होतात.

‘कशाला ही यातायात, दात थेट धारेला वेल्ड करू,’ असा सल्ला हमखास मिळतो. बकेटची धार अनेकदा कडक केलेल्या पोलादाची असते. आधी नीट तापवल्याशिवाय केलेल्या वेल्डशेजारी ते पोलाद ठिसूळ होऊन तडकू शकते. त्याहून मोठी अडचण अशी की गोठ्यातली फरशी खरवडायला किंवा माती सपाट करायला हे दात नकोसे असतात, मागे चर पडतात. बोल्टचा बार पंधरा मिनिटांत उतरतो.

दात आले म्हणून लोडरचा जेसीबी होत नाही. एका कोपऱ्यातल्या दाताने मोठा दगड उपटायला गेले की बकेट आणि लोडरचे हात पिळवटतात. भरलेली बकेट दाबून मागे ओढणेही टाळावे, कारण तेव्हा धार काहीच झेलत नाही, सगळा ओढा बोल्टांवर येतो. शिवाय बारचे जेवढे वजन, तेवढी लोडरची उचल कमी.

पहिल्या तासाभराच्या कामानंतर दोन्ही नट पुन्हा आवळा. बार धारेत आणखी रुततो आणि ते हमखास थोडे सैल झालेले असतात.

(पुढील आठवड्यात : ट्रॅक्टरच्या मागे वजन किती आणि कुठे बांधावे)