रंग, पाल आणि पुरावा

अमेरिकेत काळ्या माणसाला गोऱ्याच्या बरोबरीने न्याय मिळत नाही, हे वाचून आपण हळहळतो. मृत व्यक्ती गोरी असल्यास खुन्याला फाशी होण्याचा संभव चौपटीहून अधिक, ही जॉर्जिया राज्यातील पाहणी १९८७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आली. पण पाच विरुद्ध चार मतांनी ती आरोपीची फाशी टाळण्यास अपुरी ठरली. मात्र ही हळहळ ओसरल्यावर शिंदखेड्याच्या सुशिक्षित गृहस्थाने स्वतःस विचारावे, की गावात चोरी झाली म्हणजे आपली नजर प्रथम कोठे वळते? उन्हाने रापलेल्या चेहऱ्यांकडे, गावाबाहेरच्या पालांकडेच ना?

ही नजर आपणांस कायद्याने शिकविली. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. पण कागदावरचा शिक्का कपाळावरून पुसला गेला नाही.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात २००३ साली घडलेल्या खून-दरोड्याच्या प्रकरणाचा इतिहास याची साक्ष देतो. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्यांचा तपास झालाच नाही. भटक्या जमातींतील सहा गरीब मजूर मात्र पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे त्यांतील एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, असे आढळले. अखेर ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. गेलेली सोळा वर्षे कोणत्या खजिन्यातून परत द्यावयाची?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. निकाल स्वागतार्ह आहे. परंतु नोंदवहीतला रकाना खोडणे सोपे, मनातला खोडणे कठीण. संशय हा पुरावा नव्हे, आणि चेहरा हा तर मुळीच नव्हे. पोलिसठाण्यात बोट दाखविणारा हात बहुधा आपणांसारख्या प्रतिष्ठितांचाच असतो. तो उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.