लाकडी वाटीचा फोटो कसा काढायचा?



मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये गिऱ्हाईक वाटी हातात घेतं, उलटी करून बघतं, आतून बोट फिरवतं, मग पैसे देतं. व्हॉट्सॲपवर त्याच्यापुढे फक्त फोटो असतो. मागे आपल्या एका गटाच्या सहा वाट्या कुरिअरने परत आल्या. गिऱ्हाइकाला वाटलं भाजीची वाटी, पोचली चटणीची! जाण्या-येण्याचा खर्च गटाच्या अंगावर पडला. फोटो मीच काढला होता, आणि वाटी केवढी आहे हे कळेल असं त्यात काहीच नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

उजेड : माण, जतकडच्या दुपारच्या उन्हात फोटो काढला तर वाटीची कड पांढरीफटक आणि पोटात काळोख दिसतो. त्यापेक्षा सकाळी ओसरीवर, सावलीत बसा. उजेड एका बाजूने येऊ द्या, म्हणजे खोली कळते. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा धरा, सावली हलकी होते. पिवळा बल्ब बंद करा, लाकडाचा रंग बदलतो. फ्लॅश नको, पॉलिशवर पांढरा डाग येतो.

मांडणी : खाली एकरंगी चादर घाला, फुलाफुलांची नको. पिठाचे हात लागून कॅमेऱ्याची काच धुरकट होते, ती आधी मऊ कापडाने पुसा. फोन फार जवळ नेऊ नका, पुढची कड उगाच मोठी दिसते.

प्रत्येक वाटीचे चार फोटो :
1. थोडा तिरका, आपण ताटाकडे बघतो तसा.
2. बरोबर वरून, लाकडाच्या रेषा दिसतील असा.
3. वाटी उलटी करून बुडाचा.
4. शेजारी मोजपट्टी ठेवून.

सोबत रुंदी, उंची, वजन आणि लाकूड कोणतं ते लिहा. दोन वाट्यांच्या रेषा कधीच सारख्या नसतात, तेही सांगा. लाकडात गाठ असेल तर लपवू नका. तडा असेल तर मात्र ती वाटी विकायलाच काढू नका. फोटो पाठवताना ‘एचडी’ निवडा, नाहीतर बारीक रेषा पुसट होतात.

फोटो सुंदर आला तर चांगलंच, पण तो खरा पाहिजे. दिसलं तेच घरी पोचलं की गिऱ्हाईक परत मागणी करतं.

पुढच्या बैठकीला एकेक वाटी आणि फोन घेऊन या. ओसरीवर बसून काढून बघू.